आमच्या प्रतिनिधीकडून

नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर आणि उद्योगांच्या बातम्या करायचो. वाशीच्या हॉटेलांत कंपन्यांच्या पत्रकार परिषदा व्हायच्या आणि तिथे दुसऱ्या एका पेपरचा हा माणूस हमखास असायचा. सफारी सूट, डोक्याला चोपडलेलं तेल, जेवणाच्या हॉलच्या दाराजवळची खुर्ची. कंपनीची छापील प्रेस नोट तो न वाचताच खिशात टाकायचा. भेटवस्तूची पिशवी मात्र हाताने नीट जोखून बघायचा.

एकदा ऐरोलीत कारखाना काढणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणाले, गावातल्या पोरांना नोकऱ्या देऊ. मी उठून विचारलं, "किती? आणि कसल्या?" साहेब अडखळले. तेवढ्यात याने माझा शर्ट ओढला.

"बसा ना राव. तुमी विचारत बसता आणि जेवण थंड होतं."

साहेबांसकट सगळे हसले आणि जेवायला उठले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पेपरात ती नोट जशीच्या तशी छापून आली: घराघरात नोकरी. वर नाव नाही, नुसतं 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

वर्षभराने मी त्या कारखान्यावर गेलो. गेटबाहेर एक म्हातारा त्याच बातमीचं कात्रण धरून उभा होता. कारखान्यासाठी जमीन त्याची गेली होती आणि त्याच्या मुलाला वॉचमन आत सोडत नव्हता. मी पेपरवाला आहे हे कळल्यावर त्याने 'प्रतिनिधी' या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्यो कोन हाय? कुठं भेटंल?"

नाव मला आजही माहीत नाही. पण त्या दुपारी वाशीत आणखी एका कंपनीची पत्रकार परिषद होती. मी स्कूटरला किक मारली आणि म्हटलं, "बाबा, बसा मागे."