पाच मिनिटांचं कार्ड

माझा आवाज मोठा आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची दोन शिक्षकी शाळा. तिथे मी फळ्यासमोर उभी राहून पाढे म्हणायला लागले की खाली एसटीतली माणसं माना वर करतात, असं माझे सहशिक्षक म्हणतात. रागही तसाच, चटकन येणारा. चौथीतली एक मुलगी तर तो दररोज ठरल्या वेळी आणून दाखवायची.

मुलगी वरच्या वाडीची. घरी म्हशी, शेळ्या. एरवी गुणाची, पण मराठीच्या तासाला वाचन सुरू झालं की हिच्या अंगात यायचं. शेजारणीची वेणी ओढ, पट्टीने पाटी वाजव, माझी नक्कल कर. नक्कल हुबेहूब करायची, त्याचा आणखी राग! "हो बाहेर!" मी ओरडायचे. ती निमूट जायची आणि मला वाटायचं, चला, वचक आहे अजून आपला. पाचवीसाठी खालच्या गावात जावं लागतं, आणि तिच्या आईने ठरवून टाकलं होतं की चौथी झाली की बस, मुलगी घरी.

दिवाळीनंतर महाडला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुलांच्या वागण्याची नोंद ठेवायची, तीन रकाने आखून: आधी काय घडलं, मूल काय वागलं, नंतर त्याला काय मिळालं. मी दोन आठवडे इमानेइतबारे वही भरली. मधल्या रकान्यात वेणी, पट्टी, नक्कल. तिसऱ्यात 'शिक्षा दिली'. आणि पहिल्यात रोज, वळणदार अक्षरात, 'काहीच नाही'.

एके दिवशी मराठीच्या तासाआधी डाळ शिजली का बघायला स्वयंपाकघरात डोकावले, तर पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी चुलीजवळ एक पाट मांडत होत्या. शेजारी निवडायला सुपात तांदूळ.

"कुणासाठी हो मावशी?"

"तुमी आता काडाल ना तिला भायेर."

"अहो, तिनं अजून काही केलंच नाही!"

"करंल की. वाचायची पाळी आली का येतेच ती." मावशींनी चूल सारखी केली. "बाई, इचारू का? तुमी तिला शिक्षा देताव का सुटी देताव?"

घ्या! तीन दिवस चहा-बिस्किटं खाऊन, प्रमाणपत्र घेऊन आले मी, आणि उत्तर चुलीपुढे बसलेलं. वर्गात येऊन वही उघडली. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'वाचायची पाळी आली.' तिसऱ्यात, 'सुटका झाली.' सुटका मीच तर करत होते, रोज, ओरडून.

मग तिला एकटीला घेऊन बसले. घ आणि ध, भ आणि म, सगळी गल्लत. एक ओळ वाचताना पोरीच्या कपाळावर घाम. आणि तोच धडा मी वाचून दाखवला तर तिने गोष्ट अशी सांगितली की मलाही तशी येणार नाही. प्रशिक्षणात 'अध्ययन अक्षमता' हा शब्द मी तीनदा अधोरेखित केला होता. समोर बसलेली ओळखता आली नव्हती.

तिला मी एक पिवळं कार्ड करून दिलं. वाचताना जीव घाबरला की वेणी ओढायची नाही, कार्ड दाखवायचं, पाच मिनिटं बाहेर जायचं, परत येऊन एकच ओळ वाचायची. ओळ मी आदल्या दिवशीच दाखवून ठेवायची. पहिल्या दिवशी तिने ते अकरा वेळा दाखवलं. मी दात आवळून बसले. महिन्याभरात दोनदावर आलं, आणि एका ओळीच्या तीन ओळी झाल्या.

आता तिला महाडला ह्या अक्षमतेच्या तपासणीला न्यायचं होतं; महिन्याभरानंतरचा एक मंगळवार मिळाला होता. त्यासाठी वाडीवर जाऊन आईला सगळं सांगायला हवं होतं. पण शनिवारची अर्धी शाळा सुटली की माझा गुडघा दुखायचा.

"तुमचा गुडगा सनवारीच कसा वो दुकतो?" मावशी म्हणाल्या. "सवच्या गरम पान्याच्या कुंडात बुडवा तरी एकदाचा."

मला राग आला. खरं होतं म्हणून आला. त्या मंगळवाराआधीच्या शेवटच्या शनिवारी गेले वर.

"बाई आल्या गो, पानी आन," आईने लेकीला हाक मारली. मी म्हशींची चौकशी केली, दुधाची केली, कोरा चहा दोनदा घेतला. मग मंगळवारी महाडला तपासणीला न्यायचं आहे हे सांगितलं आणि कसाबसा पाचवीचा विषय काढला.

आई साधेपणाने म्हणाली, "तुमीच बोल्लाव ना बाई, दुसरीत असताना. आळशी हाय, शिकायची हौस नाय, म्हशींमागंच बरी. आमाला काय कळतंय? बाई बोलल्या म्हंजी खरं."

बोलले होते मी. भर पालकसभेत, ह्याच मोठ्या आवाजात. आता तो आवाज कुठे गेला कोण जाणे. गुडघा दुखायला लागला. "उशीर झाला, निघते हं," म्हणून मी उठलेसुद्धा.

दारात मुलगी उभी होती. तिने खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पाच मिनटं, बाई. मग परत यायचं. आनि एक वोळ वाचायची."

मी गोठ्याशी जाऊन उभी राहिले. रडू आलं, लाज वाटली, दोन्ही एकदम. मग परत आले आणि माझी ओळ म्हटली, "ती आळशी नव्हती. मला ओळखता आलं नाही. मी चुकीचं बोलले होते."

मुलीने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि खिशात ठेवलं.

"मंगळवारी म्हाडला यष्टी कितीची हाय, बाई?" आईने विचारलं.