सासूबाईंच्या गीताची चाल

माझ्या सासूबाईंना एकच ख्रिस्ती गीत येत होते, आणि तेही चालीमुळे तोंडी बसलेले. एका रविवारी उपासनेनंतर त्या चालीवरून वाद निघाला. मडमबाई म्हणाल्या, ती आमच्या देशाची आहे. पेटी वाजवणारे म्हणाले, मोहरमात ताबुतापुढे हीच म्हणतात. पाळकसाहेबांनी ती नारायणगडाच्या जत्रेत ऐकली होती.

"तुम्ही कुठं शिकलात, आजी?" पाळकसाहेबांनी सासूबाईंना विचारले.

मी मागून त्यांचा पदर ओढला, पण त्या खुशीत होत्या. "शिकायचं काय त्यात? येशू कळायच्या आधीपासून येतीया मला. जात्यावर देवीची गाणी याच चालीत म्हणायचो की आमी!"

सगळे हसले, पाळकसाहेब सोडून. देवीची चाल उपासनेत नको, असे त्यांनी ठरवले. चाल गेली तर म्हातारीचे गीतच जाईल, हे मला सांगायचे होते. एवढ्या पुरुषांपुढे माझा आवाज निघाला नाही.

पुढच्या रविवारी तेच शब्द नव्या चालीत सुरू झाले. सासूबाईंनी दोनदा सूर लावला आणि थांबल्या. मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आपलं गीत कवा हाय गं?"

"होईल आता, आत्याबाई," म्हणून मी खाली बघत बसले.