उरण ते मुरूड, कंपनीच्या टायरवर

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, म्हणजे बाबा साडेपाचपासूनच गाडीभोवती घिरट्या घालत होता. हातात टॉमी (चाक खोलताना वापरतात ती लोखंडी सळई). ती एकेका टायरवर आपटायची, कान तिरका करायचा, ‘टण्’ असा आवाज आला की मान डोलवायची आणि पुढच्या चाकाकडे सरकायचं. मागच्या डाव्या चाकाचा आवाज त्याच्या मनासारखा आला नाही, तेव्हा पायाने दाबायचा पंप काढून त्याने आणखी हवा भरली. चौतीस वर्षं त्याने न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचे ट्रेलर नेले. ट्रेलरची चाकं अशीच ठोकून बघतात.

“चल बाय, बस,” तो मला म्हणाला; आमच्याकडे लेकीला ‘बाय’ म्हणतात. “मस्त कडक हाय हवा.”

हा प्रवास हौसेचा नव्हता, ते आधीच सांगून टाकते. आम्ही मुरूडला गाडी देऊन टाकायला निघालो होतो. माझी आत्या तिथे असते. तिचा मुलगा प्रवीण दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतो, त्याला गाडी हवीच होती. चावी त्याच्या हातात ठेवायची, जेवायचं आणि एसटीने घरी परत यायचं, असा बेत होता. येताना बाबाला सोबत म्हणून मी.

आणि गाडी जाणार होती ती माझ्यामुळे. दिवाळीत मी पनवेलहून माहेरी आले होते. बाबाच्या शेजारी बसून बाजाराला निघाले तर स्टिअरिंगवर त्याचे दोन्ही हात बारीक बारीक थरथरताना दिसले. मी पडले मास्तरीण, चूक दिसली की लाल खूण केल्याशिवाय राहवत नाही. घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “बाबा, तुझे हात थरथरतात. आता बास झालं गाडी चालवणं.” त्याने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. दोन महिन्यांनी आईचा फोन आला, गाडी प्रवीणला देतोय म्हणून. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चिरनेरच्या बाजूने निघालो. आमच्या आजोबांची मिठागरं होती तिथे आता कंटेनरचा यार्ड आहे, पण पलीकडच्या अंगाला अजून दोनचार कुटुंबं मीठ काढतात. फेब्रुवारीचं ऊन खाजणावर (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खारजमिनीवर) नुकतं उतरत होतं आणि मिठाच्या पांढऱ्या राशी चमकत होत्या. बाबाने गाडी हळू केली. रोज दिसणारी ही जागा तो आज नीट बघून घेत होता. पुन्हा या रस्त्याने यायचं ते कुणाच्या तरी मागे बसून, हे त्याच्या मनात असणार. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

खारपाड्याला हायवे लागला. एकेक खड्डा सरळ पाठीच्या कण्यात येत होता. माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी तीनदा साडीवर सांडलं. “ही गाडी आहे का उखळ?” मी विचारलं.

“रस्ता खराब हाय.”

“नवी होती तेव्हा याच रस्त्यावर मी झोपून यायचे, बाबा.”

“तवा मीपन नवाच होतो,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मला मात्र हसू आलं नाही.

वडखळला वडापाव खाल्ला. वडा गरम, पाव ताजा, चटणी अशी की नाकातोंडातून धूर. पोयनाडच्या पुढे, कार्लेखिंडीच्या अलीकडे, रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा (पातीची वेणी घालून गुंफलेले कांदे) टांगलेल्या दिसायला लागल्या. अलिबागचा पांढरा कांदा गोड असतो, नुसता भाकरीबरोबर खावा. आत्याला एक माळ नेऊ म्हणून मी बाबाला थांबायला सांगितलं. त्याने कडेला घेत ब्रेक मारला. रस्त्यावर बारीक खडी पसरलेली होती. गाडी थांबायचं सोडून सरळ घसरत पुढे गेली आणि कांदेवालीच्या बांबूच्या मांडवापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. आणखी हातभर गेली असती तर ती बाई मांडवासकट आडवी झाली असती.

“आरं मेल्या! डोलं फुटलं काय तुझं?” ती कमरेला पदर खोचून पुढे आली. आत बघितलं तर म्हातारा माणूस, पांढराफटक पडलेला. तिचा आवाज एकदम उतरला. “बाबा, पानी घे. लागला न्हाय ना कुणाला? मंग झाला तर.”

मी उतरून तिची माफी मागितली, दोन माळा घेतल्या. परत आले तेव्हा बाबा चालकाच्या जागेवरून उठून डावीकडे जाऊन बसला होता. चावी त्याच्या रिकाम्या सीटवर ठेवलेली.

ही गाडी त्याने आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. माझ्या भावालासुद्धा नाही.

“तूच ने आता,” तो म्हणाला. “बरोबर बोललीस तू दिवालीत.”

अलिबागच्या गर्दीतून मी सांभाळून गाडी काढली. नागावच्या पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, ओलसर सावली, मधूनच विहिरीवरच्या पंपाची टकटक. मी जरा वेग दिला आणि माझे हात थरथरायला लागले.

आधी वाटलं, मघाच्या प्रसंगाची भीती अजून अंगात आहे. वेग कमी केला, हात शांत. परत वाढवला, परत तीच बारीक थरथर, स्टिअरिंगमधून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, माझे हात फळ्यावर सरळ रेघ पट्टीशिवाय मारतात. हे माझे हात नव्हतेच. गाडीचंच काहीतरी होतं. म्हणजे दिवाळीतही गाडीचंच होतं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला लाज वाटते. मी लगेच बोलले नाही. नागाव ते चौल मी गप्प गाडी चालवली. मनात म्हटलं, नाही सांगितलं तर काय बिघडेल? वय तर झालंच आहे. आज हात नाही, उद्या डोळे. गाडी गेली की आई निवांत झोपेल, रात्री-बेरात्री फोन वाजला की माझ्या काळजात चर्र होणार नाही. एक दोन तास गप्प बसायचं, की सगळं आपोआप मार्गी लागणार होतं.

मग मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, वर्गात कुणाचं पुस्तक फाडलं म्हणून बाकावर बसवलेल्या पोराने ठेवावेत तसे. ते हात मला दिसू नयेत म्हणून.

“बाबा,” मी म्हटलं, “माझेपण हात थरथरतायत.”

त्याने मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“मंग तूपन म्हातारी झालीस काय गं?” तो म्हणाला, पण हात मांड्यांखालून बाहेर आले होते.

रेवदंड्याच्या नाक्यावर पंक्चरचं दुकान दिसलं. समोर बांबूच्या वलाणीवर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्या वासात रबराचा वास मिसळलेला. दुकानदार इक्बालभाई, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात चष्मा. मी काय होतंय ते सांगितलं. तो खाली बसला आणि पुढच्या टायरवर तळहात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर फिरवतात तसा.

“काका, हवा किती ठेवता?”

“किती म्हंजे? ठोकून बघतो. ‘टण्’ वाजला की झाला.”

इक्बालभाई हसत सुटला. “बंदराकडचे काय? ट्रेलर?” बाबाने मान हलवली. “वळखलं. तुमच्यातला एक तरी येतोच इथं अधनंमधनं. आवो काका, हा कंपनीतनं आलेला टायर हाय. साध्या गाडीला लांबच्या आरामाच्या प्रवासासाठी देतात तो. आवाज कमी, अंगानं नरम. यानं ठोकल्यावर ‘धप’ बोलायचं असतंय. तुम्ही दगड करून टाकलाय त्याचा.”

मग त्याने दाखवलं. जास्त हवेने टायर मधोमध फुगलेला, फक्त मधला पट्टाच रस्त्याला टेकत होता आणि तोच झिजून गुळगुळीत झालेला, तोही एकसारखा नाही. कडेच्या खाचा मात्र नव्यासारख्या. म्हणून खड्डे पाठीत बसत होते, म्हणून खडीवर गाडी घसरली, म्हणून वेगात स्टिअरिंग थरथरत होतं. त्याने चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि आतल्या पट्टीवर चिकटवलेला छोटा कागद दाखवला. हवा किती भरायची ते त्यावर छापलेलं होतं. सात वर्षं तो कागद तिथेच होता.

“ट्रेलरच्या दारावर आमी कवा बघितला न्हाय असा कागद,” बाबा हळूच म्हणाला.

शेजारी एक सहा आसनी रिक्षावाला स्टेपनी घेऊन बसला होता, त्यालाही राहवलं नाही. “मी माझ्या घरच्या गाडीचे कंपनीचे टायर पहिल्याच वर्षी काढले. मऊ हायत बोललो, टिकनार न्हायत. कडक घातले. बायको मुरूडपर्यंत गेली आनि येताना एसटीनं आली.”

इक्बालभाईने पुढची चाकं मागे टाकली, मागची कमी झिजलेली पुढे आणली, हवा कागदाप्रमाणे केली. “पावसाच्या आधी चारीपन बदला,” त्याने बजावलं. “आता हलूहलू जावा.” कोणीतरी चहा आणला. बाबाने काठोकाठ भरलेला ग्लास उचलला आणि एक थेंब न सांडता ओठांपर्यंत नेला. मी बघत होते, हे त्याने बघितलं.

रेवदंड्याचा पूल त्याने ओलांडला, मी नाही. खाली खाडीत होड्या परतीला लागलेल्या, समोर कोर्लईचा किल्ला. पूल संपून मोकळा रस्ता आला तेव्हा त्याने वेग वाढवला आणि स्टिअरिंगवरची बोटं जराशी सैल सोडली. हात शांत होते. काशीदच्या वळणावर समुद्र एकदम अंगावर आला. गाडीत इतकी शांतता होती की लाटा ऐकू आल्या. बाबाने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि समुद्राकडे तोंड करून रडला. मी इतक्या वर्षांत त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी जाऊन त्याचा हात धरला. खरखरीत, उबदार, एकदम स्थिर हात.

मुरूडला आत्याने बांगड्याचं कालवण (आंबटतिखट रस्सा) आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. बाबा चार भाकऱ्या जेवला. हात धुऊन झाल्यावर प्रवीणला म्हणाला, “भाच्या, रागावू नको. गाडी देत न्हाय.”

“मामा, तुमचं तोंड बघूनच कललं,” प्रवीण म्हणाला. “एसटीची वाट बघणारा मानूस असा जेवत न्हाय.” आत्याने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मला सुके बोंबील बांधून दिले.

परतीच्या वाटेवर, चौलच्या वाड्यांतून जाताना, मी न राहवून विचारलं, “चौतीस वर्षं चाकावर काढलीस तू. हात थरथरतात ते चाकामुळे असेल, असं एकदाही मनात आलं नाही?”

“आला होता ना.”

“मग?”

“पन तू बोललीस हात थरथरतात.” त्याची नजर रस्त्यावर होती. “तू शिकलेली. तू बोललीस म्हंजे तसाच असंल.”

मला वाटलं होतं, मी त्याची काळजी घेतली. म्हातारं माणूस दिसलं की आपण किती पटकन सगळा दोष त्याच्या अंगावर टाकतो आणि तेही बिचारं किती मुकाट्याने पदरात घेतं. मी त्याला सांगितलं, “बाबा, चुकलं माझं. आज पण नागावला कळल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले होते.” तो म्हणाला, “म्हायती हाय. तू वेग दोनदा कमी-जास्त केलास, तवाच मना कललं.” मग पेणपर्यंत तो मला पहिल्या ट्रेलरच्या गमती सांगत राहिला.

दिवेलागणीला घरी पोचलो. गाडीचा आवाज ऐकून आई ओटीवर आली, कमरेवर हात.

“ही परत कशी? प्रवीणनी नको सांगितली काय?”

“न्हाय. बायनी परत दिली मना,” बाबा म्हणाला आणि पाय धुवायला मोरीकडे गेला.

आधी ती काढून कुणी घेतली होती, ते मात्र तो बोलला नाही.