आत्या रागावली तेव्हा

फ्रूटवाल्याच्या गाडीवर पिकल्या सीताफळांचा वास आला, की मला गोरेवाड्याची टेकडी आठवते. मी सातवीत होते. दसरा होऊन गेला होता आणि काटोलच्या आत्यासोबत मी तिथे रानातली सीताफळं शोधत भटकायला गेले होते. कमरेइतकं गवत वाळून पिवळं पडलं होतं.

उतरताना, वारा नसताना, मागे गवत सळसळलं. आत्यानं मागे पाहिलं, मला पुढे ढकललं आणि मोठमोठ्यानं रागावू लागली.

“काहून अशी चालून राहिली वं? पळू नको. मागं पाहू नको. एवढी घोडी झाली, चालता नाही येत तुले?”

माझं काय चुकलं तेच मला कळेना. मी मुसमुसत चालत राहिले, ती माझ्या पाठीला पाठ लावल्यासारखी ओरडत राहिली. खाली रस्ता लागताच ती मटकन बसली.

“मागं होता तो,” ती म्हणाली. टेकडी नजरेआड होईपर्यंत आमच्याकडे बिबट्याचं नाव घेत नाहीत.

आत्या आता थकलीय. फोनवर आधी रागावते, मग बोलते. मी निमूट ऐकते. न जाणो, तिला माझ्या मागे काही दिसत असेल.