परडी डोक्यावर असताना

मीच बांधलेली कडुलिंबाची डहाळी माझ्याच वाटेत आडवी आली, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की माझा देव माझं ऐकत नाही. तोवर आमचं दोघांचं बरं चाललं होतं. मी मूळची येडगावची. लेण्याद्रीचा गणपती आमच्या घरात देव कमी आणि थोरला भाऊ जास्त. संकष्टीला पायऱ्या चढून गेले की मी हात जोडायचे आणि कामं सांगायला लागायचे. अमकीची सुटका नीट होऊ दे, तमकीच्या लेकराचं वजन वाढू दे, लसीचा डबा बर्फ वितळायच्या आत पोचू दे. त्यात मागणं थोडं आणि बजावणं फार. आई म्हणायची, "देवाला ऑर्डरी सोडतीस व्हय गं?" पण कामं होत गेली, त्यामुळे माझी खोड काही गेली नाही.

मी नर्स होते. नोकरीची बरीच वर्षं आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरात गेली. घोडेगावहून बस पकडायची, धरणाच्या कडेकडेने वर जायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून पायवाटेने वस्तीवर. सगळी महादेव कोळ्यांची घरं, आजूबाजूला भातखाचरं. लोक मला नुसतं "बाई" म्हणत. पहिल्यांदा सुई बघून पळणाऱ्या बाया पुढे पुढे माझ्या पिशवीत नाचणीची भाकरी कोंबायला लागल्या. मी त्यांच्यावर ओरडायचे, त्या माझ्यावर हसायच्या, आणि आमचं जमायचं.

मग स्वाइन फ्लूचं साल आलं. पुण्यात लोक तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यांपुढे रांगा लावत होते, टीव्हीवर दिवसभर दुसरं काही नव्हतं. वस्तीवर त्याला डुकराचा ताप म्हणत. "आमच्यात एक डुक्कर न्हाई, तर डुकराचा ताप कुठनं यायचा?" असा भागूबाईंचा सवाल होता. भागूबाई म्हणजे वस्तीवरची शब्दाला वजन असलेली बाई. कुणाच्या घरी काय करायचं, काय नाही, ते त्या ठरवायच्या. त्यांच्या सवालाचं उत्तर नागपंचमीला मिळालं. पुण्या-पिंपरीत कामाला असलेली माणसं सणाला घरी आली आणि त्यांच्या पिशव्यांबरोबर ताप डोंगर चढून वर आला.

खरी पंचाईत तापाची नव्हती, पाहुणचाराची होती. तिथे कुणी आजारी पडलं की सगळी वस्ती बघायला जाते. बिस्किटाचा पुडा घ्यायचा, अंथरुणाला अंथरूण लावून बसायचं, आजाऱ्याच्या कपाळावरून हात फिरवायचा, आणि दोन घोट चहा पिऊन उठायचं. नाही गेलं तर जन्माचा रुसवा. मी घरोघर सांगून दमले, की बायांनो, लांब राहा, एकाच माणसाने सेवा करा, तोंडाला फडकं बांधा. सगळ्या माना डोलवायच्या आणि माझी पाठ वळली की बिस्किटाचा पुडा घेऊन निघायच्या. मला त्यांचा राग येई आणि मायाही. माणूस आजारी पडल्यावर त्याला एकटं टाकायचं, हे त्यांच्या मनाला पटणारच नव्हतं.

तेव्हा मला माझी गोवर आठवली. लहानपणी मला गोवर निघाली तशी आईने दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली होती. घरात देवी आली, आई आली म्हणायचं. मग परक्याने उंबरा ओलांडायचा नाही, फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, आजाऱ्याजवळ एकच माणूस. मी म्हटलं, हे तर आम्ही बोंबलून सांगतो तेच की! डोंगरात त्या पावसात कडुलिंब कुठला असायला? मी घोडेगावातून चांगला भाराभर तोडला आणि बसमध्ये घातला. कंडक्टर म्हणाला, "बाई, शेळ्या पाळल्या का?" मी म्हटलं, "हो, दोन पायांच्या."

ज्या घरात ताप, त्या दाराला मी स्वतःच्या हाताने डहाळी बांधली. आणि काय सांगू, जादू झाल्यासारखं झालं. बाया अंगणातूनच हात जोडायला लागल्या, बिस्किटाचे पुडे ओट्यावर राहायला लागले. देवी घरात असताना औषध देत नाहीत, पण गोळ्यांना माझ्या शब्दाखातर त्यांनी ना केली नाही. ताप पसरायचा थांबला. मी अगदी खुशीत होते. संकष्टीला लेण्याद्रीला गेले तेव्हा पहिल्यांदा एकही काम न सांगता, झालेलं काम दाखवून आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मंदाला ताप आला आणि त्याही दाराला मी डहाळी बांधली. मंदा भागूबाईंची सून. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, सातवा महिना लागला होता. दोन दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. ओठांचा रंग बघितला आणि मी काय ते समजले. वस्तीच्या वर एक खडक आहे, तिथे मोबाइलला रेंज येते. तिथे धावत गेले, घोडेगावच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जीप फाट्यावर पाठवतो, वर चढणार नाही, तुम्ही खाली आणा, आणि उशीर करू नका. मी परत येऊन मंदाच्या नवऱ्याला, सोमाला म्हटलं, "बाजेची डोली बांध, चार माणसं बोलाव."

तो हलला नाही. आईकडे बघायला लागला. भागूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, वर चौकटीला माझी डहाळी. म्हणाल्या, "बाई, आई घरात असताना सुनेला उंबऱ्याबाहेर न्हाई काढता येत."

मी आधी हसले, मग समजावलं, मग ओरडले. अहो, ही डहाळी मी बांधली, माणसं लांब राहावीत म्हणून बांधली, ही बघा मीच सोडते, असं म्हणून हात वर केला. त्यांनी माझं मनगट धरलं. धरलं ते रागाने नाही, विनवल्यासारखं. "डहाळी तुमी बांधली, पर आली ती आई. तिला तुमी कशा घालवणार? माझ्या धाकल्या लेकराला आसंच देवी आली असताना गाडीत घालून नेलं व्हतं. वाटंतच गेलं माझं लेकरू. ह्या पोटातल्याला न्हाई नेऊ द्यायची मी." अंगणात उभी असलेली माणसं खाली बघत होती. त्यांच्याशिवाय डोली उचलणार कोण? पोलिसांची भीती घालावी असं एकदा मनात आलं, पण पोलीस येईपर्यंत मंदाचं काय? आणि त्या बाईच्या डोळ्यांत बघून भीती घालणार तरी कशाची?

मी ओट्यावर बसले. आत मंदा खोकत होती. सवयीने गणपतीला काम सांगायला गेले आणि तोंडात शब्दच येईना. काय सांगायचं? भागूबाईंची बुद्धी फिरव म्हणू? त्यांची बुद्धी तर मीच बांधून ठेवली होती, स्वतःच्या हाताने, घोडेगावचा पाला आणून. मी इतकंच म्हटलं, "आता मला सुचत नाही. तू बघ." इतकी छोटी प्रार्थना मी जन्मात केली नव्हती.

तेवढ्यात वाटेवरून हाक आली, "आई उदो!" वर चढून एक जोगतीण येत होती. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, पावसासाठी डोक्यावरून घेतलेला खताच्या पिशवीचा घोंगता, आणि त्याखाली सांभाळून धरलेली देवीची परडी. त्या वस्तीवर, तेही श्रावणाच्या झडीत, जोगतीण आलेली मी कधी पाहिली नव्हती. ती जोगवा मागायला ओट्याशी आली, दारावरची डहाळी बघितली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कोण हाय आत?" भागूबाईंनी सगळं सांगितलं. मंदाचं, गाडीचं, माझं, आणि वाटेत गेलेल्या लेकराचंही.

ऐकून घेऊन तिने वेताची परडी उंबऱ्यावर ठेवली. म्हणाली, "आई आली म्हंजे तिला पुढं न्यायला बी कुणीतरी लागतंय. म्या आलीय की. तिची ओटी भरा, दहीभात द्या, आन बसवा परडीत. पुढं आई चालंल, मागनं सून. मग कोप कसला?" भागूबाई तिथेच उंबऱ्याशी बसून रडल्या. सुटल्यासारख्या रडल्या. मला तेव्हा कळलं, की सुनेला न्यावं असं त्यांनाही वाटतच होतं. त्यांना फक्त वाट दिसत नव्हती. लगेच उठल्या, खण-नारळ काढला, डहाळी सोडून परडीत ठेवली. सोमा डोली बांधायला धावला.

परडी उचलायला भागूबाईंनी हात पुढे केला, तर जोगतिणीने थांबवलं. "डहाळी कुणी बांधली व्हती? तिनंच न्यायची." आणि परडी सरळ माझ्या डोक्यावर ठेवली. "दोनी हातांनी धरा. आन गाडी येईस्तवर मागं वळून बघायचं न्हाई."

मी म्हटलं, असं कसं, मी नर्स आहे, मला पेशंटपाशीच चालायला पाहिजे. ती म्हणाली, "तिच्याजवळ मी हाय. काय करायचं ते सांगा." मग मी सांगितलं: बसती ठेवा, कुशीला उशी द्या, तोंडावरचा मास्क काढू देऊ नका, ओठ आणखी निळे पडले की मला हाक मारा. पिशवीतला एक मास्क तिलाही दिला. मळवटाखाली तिने तो बांधला आणि मान हलवली.

ती उतरणीची वाट मी कशी चालले ते मलाच ठाऊक. ज्या हातांनी मी सदा काहीतरी करत असायचे, ते दोन्ही वर परडीला. पायाखाली निसरडं, डोळ्यांवर पावसाचं पाणी, पुसायलाही हात मोकळा नाही. पेशंट मागे, आणि मला बघायचं नाही. फक्त ऐकायचं. मंदाचा खोकला येत होता तोवर बरं वाटत होतं. ओढ्यापाशी तो थांबला. आयुष्यात इतकी भ्याले नव्हते मी. मान वळणारच होती, तोच मागून आवाज आला, "चाला बाई. डोळं उघडं हायेत तिचं. माझा हात धरलाय." मी पाऊल पुढे टाकलं. आणि मग कसं कोण जाणे, मन शांत होत गेलं. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं होतं, जे करायचं ते करून झालं होतं. आता माझ्याकडे एवढंच काम होतं, डोक्यावरचं न पाडता चालायचं. इतकं सोपं काम देवाने मला कधी दिलं नव्हतं, आणि इतकं अवघडही.

फाट्यावर जीप उभी होती. मंदाला आत घेतलं, ऑक्सिजन लावला. जोगतिणीने माझ्या डोक्यावरून परडी उतरवली. मी विचारलं, "मावशी, तुम्ही इकडे कशा आलात?" ती हसली. बहिणीच्या गावाला निघाली होती म्हणे, भीमाशंकरच्या वाटेला. वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये बसली, परडीतला भंडारा नाकात गेला आणि शिंकली. लोकांनी गलका केला, डुकराचा ताप, उतरवा हिला, आणि आमच्या फाट्यावर भर पावसात उतरवून दिली. जोगवा तरी मिळेल म्हणून वर चढली. "तवा लई शिव्या दिल्या म्या त्यास्नी," ती म्हणाली. "आता न्हाई देणार."

मंदाला घोडेगावहून पुण्याला नेलं. काही दिवस कठीण गेले, पण ती सावरली. दिवस भरल्यावर बाळंत झाली, मुलगी झाली. भागूबाई स्वतः नात घेऊन उपकेंद्रात आल्या आणि म्हणाल्या, "टोचा, पर हळू." वस्तीवर पुढेही तापाच्या घराला मी डहाळी बांधत राहिले, पण भागूबाईंनी एक रीत वाढवली. डहाळीखाली उंबऱ्याशी एक रिकामी परडी ठेवायची. घाईने न्यायची वेळ आली तर आई पुढे चालेल, आजारी मागून. सरकारी कागदावर असली सूचना कुठे मिळायची नाही.

ती जोगतीण पुन्हा एकदा घोडेगावच्या स्टँडवर भेटली. चार दात पडलेली, पायात रबरी चप्पल, चहात बटर बुडवून खाणारी साधी बाई. "पोरगं का पोरगी?" तिने विचारलं. मी सांगितलं, पोरगी. "मग बराबर," म्हणाली आणि बसमध्ये चढली. ते बराबर कसं, ते मी विचारलं नाही. एका शिंकेपायी खाली उतरवलेली बाई नेमकी त्याच फाट्यावर का उतरली, हेही मी कधी कुणाला विचारलं नाही.

आता मी निवृत्त आहे. संकष्टीला पायऱ्या चढवत नाहीत, पायथ्यापासूनच हात जोडते. कामं सांगायची खोड मात्र पुरती गेलेली नाही, सांगते अजून एखाददुसरं. पण आता सांगून झालं की थांबते आणि हात डोक्याशी नेते, जणू तिथे अजून काही सांभाळायचं आहे. घरात कुणाचं दुखणं निघालं, कुणाची वाट बघत रात्र काढायची वेळ आली, की मला ती उतरण आठवते. माझ्या हातचं सगळं मी नीट करते. मग पुढे चालायला लागते. मागे वळून बघत नाही, कारण मागे कुणीतरी हात धरून चालत असतं, हे मी एकदा ऐकलं आहे.