शाळा वावरात गेली होती

माझ्या सत्काराला बोलायला उठणारा प्रत्येकजण एक वाक्य हमखास टाकतो — सरांनी वऱ्हाडातल्या शाळांच्या खर्चाला शिस्त लावली. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला, कपाळ! ती मान खाली का जाते, हे मी बायकोलासुद्धा कधी कळू दिलं नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात नुकता लागलो होतो. विषय अर्थशास्त्र, आणि त्यातही शिक्षणावर होणारा खर्च. असा विषय त्या काळी कोणी घेत नसे, म्हणून मी वरच्यांच्या लवकर नजरेत भरलो. खेड्यांतल्या कोणत्या लहान शाळा ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या, हे ठरवायला एक समिती बसली होती. पाहणीचं काम माझ्याकडे आलं. दिवाळी उलटली आणि मी सायकल घेऊन निघालो.

दिवाळीनंतर वऱ्हाडात काय असतं? कापसाची वेचणी. हे मला कोणी वेगळं सांगायला हवं होतं का?

थांबा. आधी दुसरं सांगायला हवं. अमरावतीत मी सगळ्यांना सांगितलं होतं, की अकोल्याच्या जठारपेठेत आमची कापसाची अडत होती, वडील गेले आणि धंदा बसला. धादांत खोटं. वडील गेले हे तेवढं खरं. माझी आई अकोल्याजवळच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची, आणि मी तिच्याबरोबर. वेचणीच्या दिवसांत शाळा कुठली? पण आमचे गुरुजी दुपारी, भाकर खायच्या वेळी, शाळेला कुलूप लावून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, यायचे. आम्ही पोट्टे कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडून त्यांच्यापुढे बसायचो. त्या धुऱ्यावर शिकलो म्हणून मी पुढे शिकलो, नाहीतर तिथंच राहिलो असतो. आई तेव्हा जिवंत होती हो! आणि मी तिला बसलेल्या अडत्याची विधवा करून टाकलं होतं.

तर त्या पाहणीत मी एका लहानशा वस्तीवर पोचलो. शाळेला कुलूप. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "शाळा वावरात गेली, बापा."

मी गेलो वावरात. आणि बघतो तर काय — तोच धुरा, तशीच पोरं, तशाच ओट्या. मधे तायडे मास्तर, माझ्याच वयाचा. वस्तीतल्या लोकांबरोबर त्यानेही नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. मोठ्या गावच्या शाळेत या पोरांना दाराबाहेर बसवत, म्हणून भांडून ही शाळा मिळवली होती त्या लोकांनी. वच्छला नावाची एक पोरगी पाटीवरचं घडाघडा वाचत होती. मला पाहून थांबली आणि म्हणाली, "साहेब, तुमी कुठं शिकले?"

मी उभ्या उभ्या नुसता हाताचा चाळा करत होतो. मास्तर माझ्या हाताकडे बघून हसला. "साहेब, तुमचा हात येचणाऱ्याचा हाय." मी खाली पाहिलं. शेजारच्या पऱ्हाटीच्या बोंडातला कापूस माझ्या चिमटीत होता — पाचोळा न लागता स्वच्छ निघालेला. मी तो टाकून दिला. म्हणालो, "छे! आमची अडत होती, अडत." तो ओशाळला. माफी मागितली त्याने माझी.

समितीत एक वकीलसाहेब होते. त्यांच्या मुलीशी माझं लग्न ठरत होतं. त्यांनी विचारलं, शाळेच्या वेळात शिक्षक शाळेत होते का? मी म्हणालो, "नाही. शाळेला कुलूप होतं."

बघा, यात एक अक्षर खोटं नाही. धुऱ्यावरच्या वर्गाचं सांगायला तोंड उघडलंही होतं मी. आईचं नाव न घेता सांगता आलं असतं. पण वेचणाऱ्यांच्या पोरांची तुम्हाला एवढी कड का, असं कोणी विचारलं तर? — एवढ्याला भ्यालो. तोंड मिटलं. वकीलसाहेबांनी खूश होऊन मान डोलावली.

शाळा बंद झाली. मास्तरची नोकरी गेली. तो बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर ओझी उचलतो, असं कानावर आलं. त्यानंतर किती वेळा बडनेऱ्याला गाडी बदलली असेल मी, बैठकांना जाताना! मालधक्का काय लांब होता? एकदाही तिकडे पाय वळला नाही.

माझं मात्र सगळं झालं. लग्न झालं, विभागप्रमुख झालो, मग प्राचार्य. आई गेली तेव्हा खेड्यात एकटाच जाऊन आलो. सासुरवाडीला सांगितलं, कामाला गेलो होतो.

बऱ्याच वर्षांनी त्याच भागातल्या मोठ्या गावात हायस्कूल निघालं. उद्घाटनाला मला बोलावलं. वेचणीचेच दिवस. त्या वस्तीजवळ मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. कशाला लावली? — अजून कळत नाही. कमरेला ओटी बांधलेली एक बाई वावरातून बाहेर आली. बाभळीला टांगलेल्या झोळीत तिचं लेकरू होतं. तिने मला ओळखलं. मी नाही ओळखलं, तिलाच नाव सांगावं लागलं. वच्छला.

मोठ्या गावच्या शाळेत गेलीस का, विचारलं. गेली होती म्हणे थोडे दिवस. मग नाही गेली. एवढंच. मग तिनेच विचारलं, "आमचे मास्तर कुठं असतात, साहेब? तुमाले मालूम असन."

"नाही," मी म्हणालो.

ती झोळीला झोका देत उभी राहिली. मग म्हणाली, "आमाले सांगतलं बी नाई त्याईनं. एकदम गेले. आमचंच काई चुकलं असन, नाई का साहेब?"

"असेल," म्हणालो मी. आणि गाडीत जाऊन बसलो.