मीटरची खंडेनवमी

झेंडूच्या ओल्या माळेचा वास आला, की मला टेंभुर्णीच्या घरातली खंडेनवमी आठवते. आमच्याकडं वीज नुकतीच आल्ती आणि मी नवी सून होते. दिवेलागणीला विळे-कोयत्यांची पूजा झाली, तशी सासूबाईंनी भिंतीवरच्या मीटरखालच्या मेन स्विचवरही पाणी शिंपडलं आणि ओली माळ घातली. चर्र आवाज झाला, छताचा दिवा फडफडला, रबर जळाल्याचा वास सुटला. सासूबाई हात झटकत मागं सरल्या. सासरे ओल्या हातानं मेन बंद करायला धावले, तशा त्या ओरडल्या, "अवो, हात लावू नका, करंट मारतुया!" मी कोरडा पाट सरकवला, लाटणं दिलं. पाटावर उभं राहून सासऱ्यांनी लाटण्यानं दांडा खाली ढकलला. अंधार झाला, पण सगळे धड होतो. दुसऱ्या दिवशी वायरमननं दुरुस्ती केली. सासूबाईंनी भीतभीत विचारलं, "मंग पूजा करायचीच न्हाई का?" तो म्हणाला, "करा की! आधी मेन बंद करा, अन् कुंकू कोरडं." अजून मी तसंच करते. "फ्रिज बंद पडतो," म्हणून सून कुरकुरते. मी म्हणते, "वर्षभर राबतो बिचारा, त्याच्या सणाला तरी जरा बसू दे."